निळ्या फुलांचे रान

लंडनच्या वायव्येला, हर्टफर्डशायरमधील ॲशरिज येथे डॉकी वूड नावाचे रान आहे. नॅशनल ट्रस्ट ही संस्था त्याची देखभाल करते. एप्रिलच्या अखेरीस इथे ब्ल्यूबेल फुलू लागतात आणि झाडांखालची जमीन निळी-जांभळी होऊन जाते. मग आसपासची कुटुंबे सुटीच्या दिवशी फिरायला येतात. कुणी काठी टेकत आलेले आजोबा, तर कुणी आईचे बोट धरून चालणारी चिमुरडी. हवेत मंद, गोडसर सुवास असतो.

हा बहर थोड्याच आठवड्यांचा! झाडांना भरगच्च पालवी फुटली की खाली ऊन पोहोचत नाही. त्याआधीच ब्ल्यूबेलच्या कंदाला वर्षभराची शिदोरी साठवून घ्यावी लागते. म्हणूनच आई-वडील मुलांना सतत बजावत असतात, ‘पायवाट सोडू नका!’ पाने तुडवली गेली की कंद उपाशी राहतो. बी रुजून फूल यायला पाचएक वर्षे लागतात. फोटोसाठी कुणी फुलांत जाऊन बसले, तर ती जागा भरून यायला कितीतरी वर्षे जातात.

जगातील सुमारे निम्म्या ब्ल्यूबेल ब्रिटनमध्ये आहेत. १९८१ च्या कायद्यानुसार जमीनमालकाच्या परवानगीशिवाय त्या उपटता येत नाहीत. १९९८ पासून रानातले कंद विकण्यावरही बंदी आहे. शिवाय ही वनस्पती विषारी आहे आणि खुडलेली फुले लवकर मलूल होतात. त्यामुळे मुले घरी परततात ती रिकाम्या हातांनीच. पुढच्या वर्षीही फुले पाहायची, तर हेच बरे.