गुलाबी गमबूट

पोर्टलंडच्या पश्चिमेला बीव्हर्टन आणि हिल्सबरो या उपनगरांत मराठी घरं बरीच आहेत. त्यांतली बहुतेक इंटेलमुळे किंवा तिच्या आजूबाजूच्या कंपन्यांमुळे इथे आली. पदवी, मग एमएस, मग नोकरी, मग ग्रीन कार्डाची रांग. निघण्याआधीच पुढचा मुक्काम ठाऊक असतो. म्हणूनच या शहरात स्थिरावलेल्या मराठी माणसाला टेरी फारेनडॉर्फ यांचं आयुष्य विलक्षण वाटतं. ज्या संगणकाच्या नोकरीसाठी आपली माणसं इतक्या लांब येतात, ती नोकरी या बाईंनी सोडली आणि पायात गमबूट चढवून त्या बिअर गाळायला गेल्या.

फारेनडॉर्फ मूळच्या विस्कॉन्सिनच्या. १९८०च्या दशकात त्या सॅन फ्रान्सिस्कोत संगणक क्षेत्रात काम करत होत्या. नोकरीत मन रमत नव्हतं, पण घरी आंबवण्याचा नाद होता, आणि त्यातूनच त्या बिअरकडे वळल्या. घरच्या घरी बिअर करायला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने परवानगी मिळाली ती १९७८ साली, जिमी कार्टर यांच्या सहीने. पुढच्या दहा वर्षांत गॅरेजमध्ये आणि स्वयंपाकघरात हजारो लोक हे प्रयोग करू लागले. बहुतेकांचा तो शनिवार-रविवारचा छंद राहिला. फारेनडॉर्फ यांनी १९८८ साली राजीनामा दिला आणि शिकागोच्या सीबेल इन्स्टिट्यूटमध्ये रीतसर शिक्षण घेतलं. ब्रुअर घडवणारी ही एकोणिसाव्या शतकापासूनची नामांकित संस्था.

पहिली संधी त्यांना १९८९ मध्ये बर्कलीच्या गोल्डन गेट ब्रुइंगमध्ये मिळाली. त्यानंतर त्याच गावातली ट्रिपल रॉक, आणि तिथून ऑरेगनमधलं यूजीन. यूजीनच्या स्टीलहेड ब्रुअरीत त्या सुरुवातीपासून होत्या आणि पुढची सतरा वर्षं तिथेच राहिल्या. त्या काळात कुठल्याही ब्रुअरीत मुख्य ब्रुअर म्हणून बाई दिसणं हीच बातमी होती.

या कामाची कल्पना यावी म्हणून थोडं सांगायला हवं. आपल्याकडे नाचणीला मोड आणून, वाळवून, दळून सत्त्व करतात. जवाचं माल्टही तसंच होतं, फक्त शेवटी ते भट्टीत भाजतात. हे माल्ट पंचवीस-पंचवीस किलोंच्या पोत्यांतून येतं. ते भरडून गरम पाण्यात घालायचं, गोड रस काढून घ्यायचा, तो उकळायचा, उकळताना हॉप्स म्हणजे हॉपच्या वेलीची कडू फुलं टाकायची, थंड करून यीस्ट सोडायचं. उरलेला ओला चोथा फावड्याने ओढून बाहेर काढायचा. आणि उरलेला सगळा दिवस धुवायचं: टाक्या, नळ्या, झडपा, फरशी. ब्रुअरचा निम्म्याहून जास्त वेळ साफसफाईत जातो, असं या धंद्यातली माणसं सांगतात, आणि कुठल्याही ब्रुअरीच्या मागच्या दाराने आत गेलं की ते पटतं. गमबूट लागतात ते त्यासाठीच.

ऑरेगन हे राज्य त्यांना मानवलं याला कारण आहे. इथे १९८५ साली कायदा बदलला आणि बिअर जिथे बनते तिथेच ती ग्राहकाला विकायची परवानगी मिळाली. मॅकमेनॅमिन बंधूंनी त्याच वर्षी पोर्टलंडच्या हिल्सडेल भागात आपली ब्रुअरी सुरू केली. आज या शहरात जवळजवळ प्रत्येक वस्तीला स्वतःची ब्रुअरी आहे, आणि तिथे संध्याकाळी लहान मुलं, आजी-आजोबा, कुत्री असा सगळा गोतावळा बसलेला असतो. यूजीनच्या निंकासी ब्रुअरीचे एक संस्थापक जेमी फ्लॉइड हे स्टीलहेडमध्येच तयार झाले. निंकासी ही सुमेरियन लोकांची बिअरची देवी. युरोपातही बिअर घरी बनत होती तोवर ते प्रामुख्याने बायकांचं काम होतं. बाराव्या शतकात जर्मनीतल्या हिल्डेगार्ड या जोगिणीने लिहून ठेवलं की हॉपच्या कडूपणामुळे पेय टिकतं. पुढे कारखाने आले, भांडवल आलं, आणि बायका बाजूला पडल्या.

मराठी वाचकाच्या मनात इथे एक शंका येईल आणि ती रास्त आहे. महाराष्ट्रात दारू म्हटलं की बाईच्या वाट्याला मार आणि रिकामा डबा आला. गावोगावच्या बायकांनी मतदान करून बाटली आडवी केली, दुकानं बंद पाडली, आणि ते त्यांनी योग्यच केलं. ऑरेगनचा इतिहासही फार वेगळा नाही. इथल्या बायकांना मताचा हक्क १९१२ साली मिळाला आणि १९१४ साली या राज्याने दारूबंदीच्या बाजूने कौल दिला; १९१६ पासून ती लागूही झाली. तेव्हा फारेनडॉर्फ यांची गोष्ट दारूच्या कौतुकाची नाही. एका कारागिरीत बाईला जागा मिळते की नाही, आणि मिळाली तर ती तिथे एकटी पडते का, याची ती गोष्ट आहे.

एकटेपण किती होतं ते २००७ साली उघड झालं. फारेनडॉर्फ यांनी स्टीलहेड सोडली आणि गाडी घेऊन अमेरिका पालथी घालायला निघाल्या. सुमारे पाच महिन्यांत त्यांनी ७१ ब्रुअरी पाहिल्या आणि त्यांतल्या ३८ ठिकाणी स्वतः हात घालून बिअर बनवली. सासूबाईंनी दिलेले गुलाबी गमबूट त्यांच्या पायात असत. वाटेत त्यांना तरुण ब्रुअर मुली भेटत गेल्या. कॅलिफोर्नियातल्या स्टोन ब्रुइंगमध्ये लॉरा उलरिच होत्या, पेन्सिल्व्हेनियातल्या व्हिक्टरीमध्ये व्हिटनी थॉम्पसन. त्यांना एकच गोष्ट जाणून घ्यायची होती: आमच्यासारख्या आणखी किती आहेत? उत्तर कुणापाशीच नव्हतं, म्हणून फारेनडॉर्फ यादी करायला बसल्या. जेमतेम साठेक नावं जमली. २००८ साली सॅन डिएगोच्या ब्रुअर परिषदेत त्यांतल्या सोळाजणी एकत्र आल्या, आणि पिंक बूट्स सोसायटी उभी राहिली. एका यादीने हे घडवलं याचं मोल फार आहे. त्या मुलींकडे कौशल्य होतंच. आपल्यासारख्या दुसऱ्या कुणाला फोन करता येणं, एवढंच कमी होतं. आज या संस्थेच्या सभासदांची संख्या हजारांत आहे, ती शिष्यवृत्त्या देते, आणि लॉरा उलरिच पुढे तिच्या अध्यक्षही झाल्या.

फारेनडॉर्फ स्वतः मात्र पुन्हा वळल्या, या वेळी कच्च्या मालाकडे. पोर्टलंडहून कोलंबिया नदी ओलांडली की वॉशिंग्टन राज्यातलं व्हँकुव्हर लागतं. तिथल्या ग्रेट वेस्टर्न माल्टिंग या १९३४ सालच्या कंपनीत त्या नवनव्या माल्टवर काम करू लागल्या.

आणि हॉप्स? ते तर पोर्टलंडच्या दाराशीच आहेत. शहरातून दक्षिणेला तासभर गेलं की विलामेट खोऱ्यात अठरा फूट उंचीच्या तारांवर चढलेल्या हॉपच्या वेली दिसू लागतात. हॉपला उन्हाळ्याचे लांबलचक दिवस लागतात, आणि सेलमच्या जवळून ४५ अंश अक्षवृत्त जात असल्यामुळे ते इथे भरपूर मिळतात. वेलींत नर आणि मादी वेगळे असतात. बिअरला लागणारी शंकूच्या आकाराची फुलं मादी वेलीलाच येतात. फूल उलगडून बोटांवर चोळलं की पिवळी पूड लागते, ल्युप्युलिन. कडूपणा आणि सुगंध दोन्ही त्यात. ऑगस्टच्या अखेरीपासून सप्टेंबरभर तोडणी चालते. ताज्या फुलांत जवळजवळ ऐंशी टक्के पाणी असतं, ते भट्टीत वाळवून दहा टक्क्यांच्या आत आणतात. काही ब्रुअर मात्र फुलं न वाळवता त्याच दिवशी टाकीत घालतात. ती बिअर वर्षातून एकदाच होते आणि त्या सुमारास अख्खं शहर तिच्याविषयी बोलत असतं. कॉर्व्हॅलिसमध्ये जन्मलेला कॅस्केड हा वाण १९७२ साली बाजारात आला. संत्र्या-मोसंबीच्या सालीची आठवण करून देणाऱ्या त्याच्या वासावर अमेरिकेची छोट्या ब्रुअरींची चळवळ उभी राहिली.

या शेतीतलं बायकांचं काम नवीन नाही. शंभर वर्षांपूर्वी हॉप तोडायला कुटुंबंच्या कुटुंबं खोऱ्यात मुक्कामाला येत, आणि जुन्या फोटोंत बायका-मुलंच जास्त दिसतात. ऑरेगन स्टेट युनिव्हर्सिटीने २०१३ साली हॉप्स आणि ब्रुइंगचं देशातलं पहिलं अभिलेखागार उघडलं, तिथे हे फोटो जपून ठेवले आहेत. पण मालकी आणि निर्णय बाईच्या हाती येणं दुर्मीळ होतं. सिल्व्हर्टनजवळच्या गेल गोशी या बाईंकडे मात्र घराण्याचं हॉपचं शेत आलं. २००८ साली बडवायझर बनवणारी कंपनी इनबेव्हने विकत घेतली आणि त्यानंतर विलामेट या हॉपच्या वाणाची मागणी कोसळली. गोशी यांनी वाण बदलले, छोट्या ब्रुअरींशी थेट नाती जोडली. अलीकडे उन्हाळे तापू लागल्यावर त्यांनी हिवाळ्यात पेरायच्या जवाचाही प्रयोग हाती घेतला. अशी माणसं या खोऱ्याला टिकवून धरतात.

मार्चमध्ये, महिला दिनाच्या सुमारास, पिंक बूट्सच्या सभासद जगभर आपापल्या ब्रुअरीत एकत्र येऊन बिअर बनवतात. २०१८ पासून त्यासाठी याकिमा चीफ हॉप्स ही शेतकऱ्यांच्या मालकीची कंपनी खास मिश्रण काढते. त्यात कुठले हॉप्स घालायचे ते सभासदच हातावर चोळून, वास घेऊन ठरवतात, आणि विक्रीतला काही भाग शिष्यवृत्तीला जातो.

कॉर्व्हॅलिसच्या ऑरेगन स्टेट युनिव्हर्सिटीत फर्मेंटेशन सायन्स, म्हणजे आंबवण्याचं शास्त्र, शिकवतात. रसायन, सूक्ष्मजीवशास्त्र, अभियांत्रिकी सगळं त्यात येतं, आणि पुढे दही, चीज, पाव, बिअर यांतल्या कुठल्याही वाटेने जाता येतं. बीव्हर्टनमधल्या एखाद्या घरात मुलीने हे नाव काढलं तर आईवडिलांनी लगेच नाही म्हणू नये. सप्टेंबरात तिला घेऊन विलामेट खोऱ्यातल्या एखाद्या हॉपच्या शेतावर जावं, तोडणी पाहावी, तिथे काम करणाऱ्या बायकांशी बोलावं, आणि मग ठरवावं.