पांदणीतील सोबत

मार्गशीर्षातल्या पहाटे, दासटेकडीच्या पायथ्याशी धुके अद्याप रेंगाळत असताना, गुरुकुंजातले सामुदायिक ध्यान आटोपून परतणाऱ्या मंडळींच्या मागोमाग दोन-तीन कुत्री अंग झटकीत निमूटपणे चालत येतात, हे दृश्य मी गेली कित्येक वर्षे पाहत आलो आहे. आणि दहा-बारा माणसांनी आपापल्या कुत्र्यांसह मोझरीच्या शिवारात फेरीस निघावे हा बेत माझ्या मनात प्रथम उगवला, तो ह्या दृश्यातूनच. उगवला म्हणणेही कदाचित अधिक होईल. कुत्री आधीपासूनच चालत होती. त्यांची दखल तेवढी मी घेतली.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ साली अमरावती-नागपूर रस्त्यालगत, अमरावतीपासून सुमारे ३५ किलोमीटरवर, मोझरीचा हा गुरुकुंज आश्रम स्थापन केला. बालवयातच रामटेकच्या व सालबर्डीच्या रानांत भटकलेल्या ह्या पुरुषाने गावोगाव जी रामधून रूढ केली, तीदेखील मुळात एक सामुदायिक पदयात्राच होय : रस्ते झाडावेत, सडा घालावा, आणि मग रांगेने, ठरलेल्या वाटेने, भजन म्हणत गाव फिरावे. मी लहान असताना आमच्या आळीत अशी फेरी सुरू झाली, तेव्हा पहिल्या पहाटे कुत्र्यांनी आकाश डोक्यावर घेतले. चौथ्या-पाचव्या दिवशी ती उंबऱ्याशी बसून ऐकू लागली. आणि पंधरवडा उलटण्यापूर्वीच त्यांतली दोन शेवटच्या गड्याच्या टाचेमागे, जणू तिथे आपली जागा नेमून दिलेली आहे अशा खात्रीने, चालू लागली. त्यांना कोणी बोलाविले नव्हते आणि कोणी हाकललेही नाही.

मनुष्याच्या प्रवासात कुत्र्याचे स्थान फार जुने आहे. पणींनी लपविलेल्या गाई हुडकण्यासाठी इंद्राने धाडली ती सरमा, ऋग्वेदात, रसा नदी ओलांडून एकटीच गेली. आणि महाप्रस्थानाला निघालेल्या पांडवांमागून जो कुत्रा चालू लागला, त्याला वगळून स्वर्गाच्या रथात पाऊल ठेवण्याचे युधिष्ठिराने नाकारले. ही कथा धर्माच्या परीक्षेची म्हणून सांगितली जाते, आणि ती तशी आहेच. परंतु वाटा आखण्याची हौस असलेल्या माझ्यासारख्याला तीत एक साधी व्यावहारिक आज्ञा ऐकू येते : ज्याला वाटेवर सोबत येऊ दिले, त्याच्या पायांचा, तहानेचा आणि परतीचा हिशेब सोबत घेणाऱ्याने ठेवावा.

तो हिशेब महिन्यापासून सुरू होतो. कार्तिक हा कुत्र्यांच्या माजाचा काळ. त्या दिवसांत सालस कुत्राही एकाएकी भांडखोर होतो, आणि चार नर एका वाटेला लावणे म्हणजे कलहाला आमंत्रण देणे. म्हणून आम्ही पहिली फेरी मार्गशीर्षात ठेवली. तोवर काळ्या मातीतला चिखल आळलेला असतो, कपाशीचे वेचे चालू असतात, तुरी पिवळ्या फुलांनी लवलेल्या असतात, आणि चैत्र-वैशाखात पंचेचाळीस अंशांपर्यंत चढणारे वऱ्हाडचे ऊन, ज्यात कुत्र्याच्या पंजाचे तळवे डांबरी रस्त्यावर अक्षरशः भाजून निघतात, ते अजून दूर असते.

वाटेविषयी मात्र मतभेद झाले. तरुण मंडळींना एकदम कौंडण्यपूर गाठावयाचे होते. रुक्मिणीचे ते माहेर, जिथून तिची पालखी दर आषाढीला पंढरीस जाते. काहींचा कल तुकडोजींचे गुरू अडकोजी महाराज ह्यांच्या वरखेडकडे होता. दोन्ही स्थाने मनाला ओढ लावणारी खरी. तथापि माणसाच्या श्रद्धेने वाढविलेली मजल कुत्र्याच्या पायांना लांबच पडते, शिवाय बरोबर माझी तांबू होती, तेरा वर्षांची, मागच्या डाव्या पायाने किंचित अधू. अखेर दासटेकडीच्या पायथ्यापासून पांदणीने ओढ्यापर्यंत आणि ओढ्यापलीकडून माळाला वळसा घालून परत, एवढीच सहा किलोमीटरांची तजवीज ठरली. महामार्ग ज्यांना ओलांडावा लागणार होता, त्यांना साखळी दोनदा मनगटाला गुंडाळण्याची ताकीद दिली. त्या रस्त्यावर धावणाऱ्या ट्रकांपुढे कुत्र्याची चपळाई कामाची नाही.

पांदण ही वऱ्हाडची एक मोठी कृपा आहे. दोन्ही अंगांस बोरी-बाभळींचे कुंपण, मधून बैलगाडीच्या चाकोऱ्या, आणि वाट कोणा एकाची नसून सर्वांची. तिच्यात शिरले की कुत्र्याची मान खाली जाते व नाक वाचू लागते. रात्री इथून रानडुकरे गेली, पहाटे रोही गेला, हे सारे वर्तमान त्याला मातीवर लिहिलेले सापडते, आणि ते वाचावयास त्याला अवकाश देणे हाच ह्या फेरीचा निम्मा हेतू असल्यामुळे चालणाऱ्यांनी घड्याळाकडे पाहू नये, एवढे मी सर्वांना बजावून सांगितले होते. धुऱ्यावरून मात्र कुत्रे साखळीतच हवे. फुटलेल्या कपाशीत ते एकदा धावले की पाला आणि माती बोंडांना चिकटते, आणि वेचणाऱ्या बाईची सकाळ वाया जाते. तुरीवर अळीची फवारणी चालू असली तर त्या शेताजवळ फिरकूदेखील नये, कारण तहानलेले कुत्रे औषधाच्या ड्रमात तोंड घालते. म्हणून आदल्या संध्याकाळी मी स्वतः पांदणीभर फिरून कोणाची फवारणी उद्या आहे ते विचारून आलो. वाळलेल्या गवताचे कुसळही लहान समजू नये; बोटांच्या बेचक्यातून, कानाच्या भोकातून ते आत सरकत जाते व आठवड्याने पू धरते. फेरी संपली की प्रत्येकाने आपले कुत्रे मांडीशी घेऊन पंजे उलगडून पाहावेत.

ढोरांच्या दवाखान्यातला लशीचा दाखला ज्याच्यापाशी नाही, त्याचे कुत्रे ह्या मेळ्यात नाही, हा एकच नियम मी हट्टाने पाळला, आणि त्यापायी एका जुन्या स्नेह्याचा रोषही पत्करला. तीन महिन्यांच्या पिलाला पिसाळरोगाची पहिली लस व त्यानंतर वर्षाच्या वर्षाला पुन्हा, इतक्या सोप्या बंदोबस्ताने जो मृत्यू टळतो, तो एकदा लक्षणे दिसू लागल्यावर जवळजवळ कधीच टळत नाही. चावा झालाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि तडक सरकारी दवाखाना गाठावा. हळद, चुना, तिखट ह्यांतले काहीही तीवर दाबू नये. निघण्यापूर्वी हे मी सर्वांना उभे करून सांगितले, आणि लहान मुलांकडून वदवून घेतले.

शिदोरीत ज्वारीची भाकर, झुणका, ठेचा. कुत्र्यांसाठी नुसती भाकर ताकात कुस्करलेली, वेगळ्या जर्मनच्या गंजात. कांदा त्यांना विषासारखा बाधतो, म्हणून झुणक्याचा घास प्रेमानेसुद्धा देऊ नये.

वाटेत, ओढ्याच्या अलीकडे, एका धनगराच्या मेंढ्या बसल्या होत्या. त्याची दोन राखणीची कुत्री, गळ्यात खिळ्यांचे पट्टे, लांडग्याचा घास चुकावा म्हणून घातलेले, कान टवकारून उभी राहिली. आम्ही लांबूनच आवाज दिला आणि थांबलो. म्हातारा काठी टेकीत पुढे आला. "तुमचे कुत्रे तिकडंच धरा जी," तो म्हणाला, "माह्या कुत्र्यायले मी मेंढ्या राखाले शिकोलं हाय, पावन्याची वळख नाई शिकोली." मग त्याने स्वतःच आम्हांला खालच्या अंगाची वाट दाखविली, आणि वारा कोणीकडे वाहतो आहे ते पाहून त्या बाजूने जा, म्हणजे माझ्यांना वास लागणार नाही, असेही सांगितले. शिवाराचा कारभार ज्याच्या पायांत मुरलेला आहे, त्याचे ज्ञान असे एका वाक्यात उतरते.

परंतु त्या दिवसाची खरी आठवण काळ्याची आहे. काळ्या कोणाचाच नव्हता; आश्रमाच्या वाटेवरचा, गावाने मिळून लस टोचून घेतलेला, आणि न बोलाविता आमच्या मागे आलेला. ओढ्याशी येताच तो थांबला. पाणी घोट्याएवढे होते, पलीकडे आमची पट्ट्यांतली कुत्री उड्या मारीत होती. मुलांनी भाकर दाखविली, हाका मारल्या. पण काळ्या ऐलतीरावर बसून राहिला. पलीकडची हद्द दुसऱ्या गावच्या कुत्र्यांची. सरमेने ओलांडलेली रसा ह्याला ओलांडावयाची नव्हती. तांबूही मग पुढे जाईना. तिचा पाय दुखत असावा, किंवा त्याला एकट्याला सोडणे तिला नको असावे. मी त्या दोघांपाशी बसलो आणि मंडळी पुढे गेली. दोन तास आम्ही तिथे होतो. बाभळीच्या कवडशांत काळ्या झोपला, जागा झाला, पाणी प्याला, पुन्हा पलीकडे पाहत बसला.

ऊन उतरू लागले तशी मंडळी परतली. सायंप्रार्थनेपूर्वी घरी पोचावयाचे हे आधीच ठरले होते, कारण पोहरा-मालखेडच्या रानातला बिबट अंधारात कुत्र्यासाठीच गावाजवळ येतो असे जाणते सांगतात, आणि मोझरीचे रान वेगळे असले तरी तो सावधपणा आम्हीही पाळतो. काळ्या उठला, प्रत्येकाचे पाय हुंगले, आणि रांगेच्या शेवटी आपल्या जागेवर जाऊन उभा राहिला.

येत्या रविवारची वाट मी काल रात्री पुन्हा आखली. आता आम्ही ओढा ओलांडत नाही. शिदोरी ऐलतीरावरच्या त्या बाभळीखाली सुटेल. गंज एक अधिक लागेल.