भित्यापाठीं ब्रह्मराक्षस

परभणी जिल्ह्यांतील चुडावा हें पूर्णा-नांदेड लोहमार्गावरील एक लहान स्थानक होय. गेल्या वैशाखांत तेथें आमच्या चुलतबंधूंच्या घरीं पुतण्याची मुंज होती, म्हणून आम्ही दहा-बारा दिवस मुक्कामास होतों. मुंजीच्या आदल्या सायंकाळीं कडब्याच्या गंजींतून एक साप निघाला. त्या वेळीं मुलांना मागें सारून आणि हातांत बॅटरी धरून, तो कुंपणापलीकडे जाईपर्यंत आम्ही स्थिर उभे राहिलों. वहिनींनीं आमच्या धीराची तारीफहि केली.

दुसऱ्या दिवशीं पंगत बसली असतां माळवदाच्या तुळईवरून एक पाल आमच्या पानाशेजारीं टपकन् पडली. आणि आम्ही, चाळिशी ओलांडलेले गृहस्थ, किंचाळून पाटावरून उठलों. एकच हंशा पिकला. 'भित्यापाठीं ब्रह्मराक्षस !' असें कोणी म्हणालें, आणि आम्हीहि ओशाळून त्या हंशांत सामील झालों. पण समोरच्या ओळींतील आमची सात वर्षांची पुतणी मात्र हंसली नाहीं. तिच्या हातांतला घांस गळून पडला होता आणि ती भिंतीला पाठ लावून थरथरत होती. रात्रीं वहिनी म्हणाल्या, "भावजी, कालपर्यंत ही पोर पालीला पाखरें टिपतांना पाहून टाळ्या वाजवीत होती. आज एकटी स्वयंपाकघरांत पाऊल टाकायला तयार नाहीं."

तें ऐकून आम्हांला झोंप लागली नाहीं. घराण्याच्या नांवाबरोबर आमची ही एक मिळकतहि आम्हीं त्या मुलीच्या पदरांत टाकली होती.

सापाची भीति ही भीति नव्हे, शहाणपण आहे. नाग, मण्यार, घोणस व फुरसें हे विषारी साप महाराष्ट्रांत आढळतात; तेव्हां रात्रीं काठी आपटीत बांधावरून जाणाऱ्या शेतकऱ्यास कोणी भित्रा म्हणणार नाहीं. घरांतील पालीला मात्र विष नाहीं. ती डांस-पाखरें खाते, आणि जिवावर बेतलें तर शेपूट टाकून पळते. म्हणजे खरें पाहतां भ्यालेली तीच असते. तरी पंचांगांत तिच्या पतनाचीं शुभाशुभ फलें छापलेलीं आढळतात, आणि मनांत संशय आला म्हणजे भाषेंत पालच चुकचुकते !

पुढें ओसरीवर आम्हीं सहज विचारलें, तों प्रत्येकाच्या गांठीं कांहीं ना कांहीं निघालें. हंसण्यांत सर्वांच्या पुढें असलेल्या काकांना तांब्यांत केंस दिसला कीं शिसारी येते; वहिनींना उलथन्यानें कढई खरवडल्याचा आवाज सहन होत नाहीं; आणि पाटीवर पेन्सिल करकरली असतां अंगावर कांटा न येणारा तर एकहि नव्हता. या करकरीचा अभ्यास अमेरिकेंतील तिघां संशोधकांनीं केला व तो १९८६ सालीं प्रसिद्ध झाला. बागकामाचें तीन दांत्यांचें अवजार पाटीच्या दगडावर ओढून त्यांनीं तो आवाज मुद्रित केला. त्यांतील अति उंच सूर वगळले तरी ऐकणाऱ्यांचा त्रास कमी झाला नाहीं. मधले सूर काढले तेव्हां कोठें तो उणावला. माकडांच्या धोक्याच्या हांकेशीं या आवाजाचें साम्य असावें, असा त्यांनीं तर्क केला. पण तो तर्कच. बुद्धीला कारण सांपडण्यापूर्वींच शरीर शहारलेलें असतें, एवढें खरें.

अंधारांत दोरी सापासारखी भासते आणि दिवा आणतांच साप नाहींसा होतो, हा रज्जुसर्पाचा दृष्टांत आपल्या घरोघरीं परिचित आहे. आमची अडचण अशी कीं, दिवा लावल्यावर पाल पालच दिसते, ती निरुपद्रवी आहे हेंहि कळतें, आणि तरीहि हात गार पडतात. येथें अज्ञान नाहीं, म्हणून ज्ञानाचा इलाज चालत नाहीं. 'त्यांत भिण्यासारखें काय आहे ?' हा प्रश्न भिणाऱ्यानें स्वतःला शंभर वेळां विचारलेलाच असतो.

१९२० सालीं वॉटसन व रेनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनीं एका तान्ह्या मुलावर केलेला निर्दय प्रयोग प्रसिद्धच आहे. मूल पांढऱ्या उंदराला हात लावूं लागलें कीं पाठीमागें पोलादी कांब हातोड्यानें वाजवावयाची. लवकरच तें नुसत्या उंदराला, आणि पुढें सशालाहि पाहून रडूं लागलें. आमच्या किंकाळीनें त्या कांबेचेंच काम केलें होतें. परंतु १९२४ सालीं मेरी कव्हर जोन्स या विदुषीनें उलट वाट दाखविली. सशाला भिणाऱ्या पीटर नांवाच्या लहान मुलास आवडीचा खाऊ द्यावयाचा, ससा प्रथम दूर ठेवावयाचा, आणि मग हळूहळू जवळ आणावयाचा. असें करतां करतां तो मुलगा सशाला कुरवाळूं लागला.

आम्हीं पुतणीशीं एक गुप्त करार केला. दिवेलागणीनंतर दोघांनीं शेंगदाणे-गूळ घेऊन बसावयाचें आणि ओसरीच्या दिव्याजवळील पालीनें किती पाखरें टिपलीं तें मोजावयाचें. ओरडावयाचें नाहीं आणि एकमेकांस हंसावयाचें नाहीं, एवढाच नियम. पहिल्या रात्रीं आम्ही तुळशीवृंदावनाच्याहि पलीकडे बसलों. चौथ्या रात्रीं पायरीपर्यंत आलों. आठव्या रात्रीं मुलगी ओसरीच्या खांबाला टेकून बसली आणि आंकडा नऊवर गेला. आम्ही मात्र तिच्या दोन हात मागेंच होतों.

"काका, तुम्हांला अजून भीति वाटते ?" तिनें विचारलें.

खोटें बोलण्याचा मोह झाला. पण आम्हीं 'हो' म्हटलें.

क्षणभर विचार करून ती म्हणाली, "मग तुम्ही मागेंच बसा. मी मोजतें."

दुसऱ्या दिवशीं गाडी नांदेडकडे निघाली तरी तें वाक्य कानांत होतें. ज्या घरांत दहा माणसें एकत्र नांदतात तेथें एकाची भीति एकाचीच राहत नाहीं. वडील माणसांनीं ती लपविली तरी मुलें चेहऱ्यावर वाचतात. म्हणून ती मोकळेपणानें कबूल करावी, दुसऱ्याच्या भीतीला हंसूं नये, आणि मूल जेवत नाहीं म्हणून बागुलबोवाला हांक मारण्यापूर्वीं क्षणभर थांबावें. आलेला बागुलबोवा घालविण्यास आम्हांला आठ रात्री लागल्या, आणि तोहि अर्धाच गेला.