डबीवरचा हिरवा स्टिकर

१/ मुघलकालीन रुपये हाताळताना माझे लक्ष प्रथम जाते ते सराफांनी मारलेल्या बारीक खुणांकडे. चांदी अस्सल असल्याची ती त्रयस्थाची ग्वाही. अमेरिकेतील संग्राहकांच्या बाजारात अशी ग्वाही आज एका स्टिकरच्या रूपाने मिळते.

२/ १९४९ मध्ये विल्यम शेल्डन यांनी जुन्या अमेरिकी सेंटसाठी १ ते ७० अशी प्रतवारी मांडली. पुढे १९८६ पासून पीसीजीएस व १९८७ पासून एनजीसी या संस्था नाण्यांची प्रत ठरवून ती प्लास्टिकच्या पारदर्शक डबीत बंद करू लागल्या. परंतु ६५ ची प्रत मिळालेली दोन नाणी सारखी नसतात: एक काठावर उत्तीर्ण, तर दुसरे ६६ च्या उंबरठ्यावर.

३/ म्हणून २००७ मध्ये सीएसी आली, परीक्षकांचीही परीक्षा घेणारी. हिरवा स्टिकर म्हणजे नाणे त्या प्रतीस पुरेपूर उतरते. सोनेरी म्हणजे दिलेली प्रतच कमी आहे. स्टिकर नाही म्हणून नाणे हिणकस ठरत नाही. कदाचित ते तपासणीस गेलेच नसेल. विशेष म्हणजे, सीएसीचे संस्थापक जॉन अल्बनीज यांनीच पूर्वी एनजीसीही उभी केली होती.

४/ मित्रहो, मला खुपते ते एवढेच: हा स्टिकर नाण्याच्या रूपाविषयी बोलतो, प्रवासाविषयी नाही. हजारो हातांनी झिजवलेले नाणे बाजारात खालच्या प्रतीचे. इतिहासात मात्र ती झीजच चलनाची साक्ष. म्हणून नाणे घेताना ते कोठे, कशासोबत सापडले याची नोंदही मागा. ती एकदा हरवली की कोणताही परीक्षक परत देऊ शकत नाही.