नमुन्याचा गडी

प्रात्यक्षिकाचा प्लॉट बघायला या, पण डोळे झाकून तसेच करू नका. आपली जमीन, आपले पाणी पाहून करा, असे आम्ही शेतकऱ्यांना नेहमी सांगतो. पन्नाशी उलटल्यावर हा उपदेश माझ्यावरच उलटला.

गावोगावच्या पर्जन्यमापकांच्या नोंदी मी संगणकात 'पोस्टग्रेस' नावाच्या खतावणीत ठेवतो. तीत २०१३ सालापासून सालगड्यासारखा एक कामकरी मागच्या दारी ठेवण्याची सोय आहे. कोणी न सांगता तो ठरल्या वेळी उठतो, नेमलेले काम करतो आणि पुन्हा पडून राहतो. असा गडी कसा घडवावा, हे दाखवणारा 'वर्कर एसपीआय' नावाचा नमुना पोस्टग्रेससोबतच मिळतो. तो दर १० सेकंदांनी उठून सुट्या नोंदी उचलतो आणि एकूण बेरजेत मिळवतो.

मी तोच उतरवून घेतला आणि गावांची नावे घातली. बेरीज बिनचूक येऊ लागली. मग ऐन मृगात सांगून टाकले, "७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. आकडा रोज मोबाईलवर दिसेल."

एका गावच्या पोराने पाऊस नाही म्हणून शून्याऐवजी 'निरंक' लिहिले. रकाना मी अक्षरांचा ठेवलेला. त्यातून आकडा काढताना गडी अडखळला आणि कायमचा पडला. तीन दिवस सगळ्याच गावांची बेरीज जागच्या जागी.

चौथ्या दिवशी एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचा फोन आला. "साहेब, बांधावरनं पाणी चाललंय अन् तुमचा आकडा साठावरच. पेरू का नको?"

माझ्या भरवशावर त्यांची पेरणी अडली होती.

त्या रात्री नमुना ओळ न् ओळ वाचला. त्यात स्पष्ट लिहिले होते, की गडी पडला तर पुन्हा उठवू नये. नमुन्यापुरते ते ठीक, माझ्या कामाला घातक. तिथे ६० सेकंदांनी उठवण्याचा हुकूम घातला. पण नुसते उठवून भागत नाही. त्याच 'निरंक'ला ठेचकाळून तो पुन्हा पडला असता. म्हणून रकाना आकड्यांचा केला. आता चुकीची नोंद दारातूनच परत जाते. शिवाय बेरजेशेजारी शेवटची वेळ दाखवली, म्हणजे गडी झोपला तर गावालाही कळावे.

सकाळी म्हाताऱ्यांना फोन करून चूक कबूल केली. ते म्हणाले, "नमुना बघून आपलं डोकं लावायचं असतं, तुम्हीच सांगता की साहेब!"