वडखळ नाक्यावरचा हिशेब

गाडीला गाडी घासली की पहिल्या पाच मिनिटांत दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. "दादा, काय ते घ्या आणि मिटवा," हे एक. "फुल इन्शुरन्स आहे ना, मग खिशातून कशाला घालता?" हे दुसरं. पेण-रोहा पट्ट्यात मी विम्याचा सर्व्हेअर म्हणून काम करतो. दोन्ही सल्ले आपापल्या जागी बरोबर असतात. पण कुठला कधी लागू, हे वडखळ नाक्यावर मागे एसटीचा हॉर्न वाजत असताना ठरवलं जातं आणि नुकसान होतं ते तिथेच. आकडा हातात येईपर्यंत कुणी कुणाला शब्द देऊ नये, हे माझं ठाम मत आहे.

आकडा कसा काढायचा ते बघा. समजा, कोलाडहून रोह्याला येताना धाटावच्या टँकरला वाट देण्याच्या नादात गाडीचा पुढचा बंपर कठड्याला लागला. नवा बंपर ६,००० रुपये, रंगाचे ४,०००, मजुरी १,५००. बिल झालं ११,५००. साध्या पॉलिसीत प्लास्टिकच्या भागांवर सरसकट ५० टक्के घसारा लागतो, म्हणजे बंपरचे ३,००० गेले. रंगाच्या बिलातला चौथा हिस्सा मालाचा धरतात आणि त्यातला निम्मा कापतात; तिथे ५०० गेले. मजुरीला कात्री नाही. १५०० सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला वर १,००० रुपये मालकानेच सोसायचे असतात. कंपनीकडून हाती आले ७,०००.

आता दुसरी बाजू. सलग पाच वर्षं क्लेम घेतला नसेल तर आपल्या गाडीच्या नुकसानीसाठी जो हप्ता असतो, त्यावर ५० टक्के सूट मिळते. हीच ती एनसीबी. मूळ हप्ता ८,००० धरला तर तुम्ही ४,०००च भरत असता. एक क्लेम घेतला की सूट शून्यावर येते आणि पुढच्या नूतनीकरणाला ४,००० जादा जातात. मग ती २०, २५, ३५, ४५ टक्के अशी वर्षागणिक परत चढत जाते, तोवर २,४००, २,०००, १,२०० आणि ४०० जादा भरावे लागतात. बेरीज १०,०००. गाडीची विमा किंमत दरवर्षी उतरते, त्यामुळे प्रत्यक्षात थोडी कमी भरेल. तरी ७,०००साठी एवढं घालवणं मला पटत नाही. हीच गाडी बोनेट, हेडलाइट, रेडिएटरसकट बसली आणि बिल साठ हजारांवर गेलं, तर मात्र क्लेम घ्यायलाच हवा. झिरो डेप असेल तर घसाऱ्याची कात्री लागत नाही, पण एनसीबी त्यानेही वाचत नाही. एनसीबी वाचवणारं कव्हर वेगळं घ्यावं लागतं. आणि महामार्गावर डंपरच्या चाकाखालून उडालेल्या खडीने काच फुटली तर लक्षात ठेवा, काचेला घसारा नाही.

चूक समोरच्याची असेल तेव्हा लोक जास्त चिडतात, आणि ते रास्त आहे. गणपतीच्या आधीचे दिवस घ्या. हमरापूर, जोह्याच्या कारखान्यांतून मूर्ती भरलेले टेंपो मुंबईकडे निघालेले असतात आणि चाकरमानी कोकणाकडे. कोंडीत एखादी गाडी टेंपोच्या फाळक्याला मागून टेकते. फाळक्याला जेमतेम पोचा. पण आत पेंढ्यात ठेवलेल्या एका मूर्तीची सोंड गेलेली असते, दुसरीचा हात. टेंपोच्या स्वतःच्या मोटार विम्यात आतला माल येत नाही. धडकणाऱ्या गाडीच्या थर्ड पार्टी विम्यात तो येतो, खासगी गाडीला साधारणपणे साडेसात लाखांपर्यंत. मात्र तो पैसा मिळवायचा तर अलिबागला मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे जावं लागतं, आणि कारखानदाराला चतुर्थीच्या आत गिऱ्हाइकाच्या हाती मूर्ती द्यायची असते. इथे मी आपसात मिटवा असंच सांगतो. फक्त भाव कारखानदाराला फोन लावून विचारावा. दुरुस्त केलेली मूर्ती त्याच किमतीला जाईल की नवीच द्यावी लागेल, हे तोच सांगू शकतो. गर्दीतून कुणीतरी ओरडलेला आकडा धरू नये. तो बहुतेक वेळा बाहेरच्या पासिंगची गाडी बघून चढलेला असतो.

मिटवताना कागद करा. गाड्या हलवण्याआधी फोटो, मग साध्या कागदावर तारीख, जागा, दोन्ही गाड्यांचे नंबर, काय मोडलं, किती रक्कम, पुढे मागणी नाही, आणि दोघांच्या सह्या. पैसे यूपीआयने द्या. "चूक माझी" असं मात्र लिहून देऊ नका. मोटार पॉलिसीत एक अट असते आणि ती फार थोडे जण वाचतात: कंपनीच्या लेखी संमतीशिवाय विमेदाराने कबुली, वचन किंवा भरपाई द्यायची नाही. म्हणून पुढे क्लेम घ्यावा लागेल अशी शंका जरी असली तरी आधी कंपनीला फोन, मग समोरच्याशी बोलणं. फोनवर "सध्या माहिती देतोय, क्लेम नोंदवू नका," असं स्पष्ट सांगावं.

हे सगळं पत्र्यापुरतं आहे. माणसाला लागलं असेल तर मिटवामिटवीला मी कधीच हो म्हणत नाही. स्कूटरवरून पडलेल्या ताई कपडे झटकत "काही नाही हो, जाते मी," म्हणतात, कुणी दोन हजार हातावर ठेवतो आणि रात्री मनगट सुजून येतं. मोटार वाहन कायद्याच्या १३४व्या कलमाप्रमाणे जखमीला डॉक्टरकडे नेणं, पोलिसांना आणि विमा कंपनीला कळवणं हे चालकाचं कर्तव्य आहे. इजा किंवा मृत्यूच्या थर्ड पार्टी दाव्याला मालमत्तेसारखी कमाल मर्यादा नाही, पण नोंदच नसेल तर त्या ताईंनी अलिबागला काय दाखवायचं? १ एप्रिल २०२२पासून न्यायाधिकरणाकडच्या भरपाईच्या अर्जाला कायद्याने सहा महिन्यांची मुदतही घातली आहे. म्हणून पेण असो वा रोहा, आधी उपजिल्हा रुग्णालयात जावं आणि केसपेपरवर रस्ता अपघात अशी नोंद झाली आहे का, हे तिथून निघण्याआधी बघून घ्यावं.