दुभाष्यांची शाळा

सिस्टरांनी कपाटातून जनरल रजिस्टर ओढलं तसा पुठ्ठा त्यांच्या हातात आला आणि पानं फळीवरच राहिली. कडा तपकिरी पडलेल्या, बोट लावलं की तुकडा पडे. "तुमचं अक्षर वळणदार आहे, म्हणून बोलावलं. हे सगळं नव्या वहीत उतरवायला हवं," त्या म्हणाल्या. बँकेतून निवृत्त होऊन मला वर्ष झालं होतं. पावसाळ्याचे दोन महिने मी रोज सकाळी माझ्याच शाळेत जाऊन बसलो.

वसईच्या पश्चिम पट्ट्यात, चर्चच्या आवारात आमच्या धर्मग्रामाची ही प्राथमिक शाळा आहे. कौलारू, मराठी माध्यमाची. आमच्या घरी सामवेदी बोली, तिलाच आम्ही कादोडी म्हणतो. शाळेत पाऊल टाकलं की पुस्तकी मराठी. या दोन भाषांत उंबऱ्याएवढंच अंतर आहे, पण सहा वर्षांच्या पोराला तो उंबरा चढताना धाप लागते. पहिलीच्या आमच्या बाई वस्तू हातात धरून विचारायच्या, "घरी याला काय म्हणता?" आम्ही ओरडून सांगायचो. मग त्या फळ्यावर पुस्तकातला शब्द लिहायच्या आणि म्हणायच्या, "हाही आपलाच." घरचा शब्द त्यांनी कधी खोडला नाही. इतकी वर्षं लोटली, तरी त्यांचं हे ऋण मला रोज आठवतं.

रजिस्टरात आडनावं उतरवताना मी पुष्कळदा थांबलो. एकाच घरातल्या तीन भावंडांपैकी एक गोन्सालविस, दुसरा घोन्साल्विस, तिसरी गोनसालवीस. शिकवायला आलेल्या गुरुजींनी पोर्तुगीज आडनाव कानाला जसं पडलं तसं लिहिलं, आणि ते आयुष्यभर तसंच चिकटलं. त्यांच्याच खालीवर म्हात्रे, नाईक, पाटील. धर्माच्या रकान्यात शब्द वेगळे, जन्मगावाच्या रकान्यात एकच गाव.

आमच्याकडे शाळेचा इतिहास सांगायला बसलेला माणूस थेट वसईच्या किल्ल्यावर जातो. १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि त्यांच्यामागून धर्मगुरू आले, त्यांनी शिकवायला सुरुवात केली. किल्ल्यातल्या जेज्विटांकडे शिकलेला एक मुलगा म्हणजे गोन्सालो गार्सिया. बाप पोर्तुगीज, आई इथली. पोरवयातच तो जेज्विटांबरोबर जपानला गेला, तिथली भाषा त्याने आत्मसात केली, पुढे व्यापार केला आणि मनिलात फ्रान्सिस्कन बंधू झाला. त्या संघाच्या धर्मगुरूंबरोबर तो पुन्हा जपानला गेला तो त्यांचा दुभाषा म्हणून. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत सव्वीस जणांना क्रुसावर चढवलं, त्यांत तो होता. १८६२ मध्ये त्याला संतपद मिळालं. भारतात जन्मलेला पहिला संत तो. लहानपणी आम्हाला त्याचं हौतात्म्य शिकवलं, ते योग्यच होतं. पण आज मला त्याचं दुभाषेपण अधिक जवळचं वाटतं. घरात दोन भाषा ऐकत वाढलेलं वसईचं पोर तिसरी भाषा शिकतं आणि दोन माणसांच्या मध्ये उभं राहतं. आमच्या शाळेतून चौथी पास झालेला प्रत्येक जण थोडाफार हेच करत आला.

आईचं नाव मला तिसऱ्या आठवड्यात सापडलं. निळी शाई, अक्षर बारीक. वर्तणूक: चांगली. इयत्ता: तिसरी. शाळा सोडल्याचे कारण: घरकाम. त्या पानावरच्या बहुतेक मुलींपुढे तोच शब्द होता, एकाखाली एक. मुलांपुढे शेतकाम. मी पेन खाली ठेवलं आणि बराच वेळ काही लिहिलं नाही.

तिसरीपर्यंतच्या त्या शाळेवर आईने जन्म काढला. पहाटेच्या विरार लोकलने भाजीच्या पाट्या दादरला न्यायच्या, हिशेब तोंडी, उधारी मात्र वहीत, स्वच्छ मराठीत. आजीला अक्षरओळख नव्हती. तिच्या लहानपणापासून मिस्सा लॅटिनमध्ये, आणि त्यातली उत्तरं तिला अर्थाविना पाठ होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९६५ च्या पुढे, आमच्या चर्चमध्ये मिस्सा मराठीत आली. मोठ्यांनी वाचून दाखवणारी माणसं लागली, आणि ती या शाळेने दिली. रविवारी संध्याकाळी आई ओटीवर बसून शुभवर्तमान वाचायची, बोट ओळीखाली सरकवत, आणि अडलेला शब्द आजीला कादोडीत सांगायची. आजी ऐकून म्हणायची, "इतकी वर्षं हेच म्हणत होतो का आपण?"

जवळच्या नंदाखाल गावचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो याच मातीतले. ‘सुबोध बायबल’ त्यांनी मराठीत आणलं, त्यासाठी त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादच्या ९३ व्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं, तेव्हा धर्मगुरू अध्यक्ष कसा, असा वाद झाला. त्या दिवसांत मला पहिलीच्या बाईंचे ते शब्द आठवत राहिले: हाही आपलाच. जुलै २०२४ मध्ये फादर गेले.

आता या भागातली आमचीच माणसं मुलांना इंग्रजी माध्यमात घालतात. मीही घातलं. माझा नातू मराठी मासिक हातात घेतो ते चित्रं पाहण्यापुरतं, आणि याचं मला मनापासून दुःख आहे. शेजारच्या एका गावातले मराठी वर्ग पटाअभावी बंद झाले, बाकं भंगारात निघाली. ज्या लिपीतून आम्ही प्रार्थना समजून घेतली, तिचे वर्ग आमच्याच आवारात ओस पडावेत, हे मला सहन होत नाही. पालकांच्या सभेत मी हे उभं राहून बोललो आहे, पुढेही बोलेन.

वही पूर्ण झाली त्या दिवशी सिस्टरांनी यंदाच्या पहिलीची नावं मलाच चढवायला दिली. अकरा नावं. जन्मगावाच्या रकान्यात जौनपूर, जव्हार, विक्रमगड. केळीच्या वाड्यांत आणि बांधकामांवर राबणाऱ्यांची ही मुलं. आमच्यातलं एकच.

शाळा सुटली. फाटकाशी एका मुलीच्या आईला सिस्टर सांगत होत्या, आधारकार्डाची प्रत सोमवारपर्यंत आणा, नाहीतर गणवेशाचे पैसे अडतील. बाई नुसत्या पाहत राहिल्या. मुलीने पाठीवरचं दप्तर सारखं केलं, दोघींच्या मध्ये येऊन उभी राहिली आणि आईला तिच्या बोलीत सगळं सांगितलं, सोमवारसकट. मग सिस्टरांकडे वळून म्हणाली, "आणते म्हणाली."